भाऊंच्या बाटल्या

आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचा, त्या खिडकीतल्या बाटल्या कुणाच्या. आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, भाऊंच्या. मग त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं ते बघायची आम्हाला इतकी हौस की पुढचं स्पष्टीकरण आम्ही मुद्दाम लांबवायचो. बाटल्या सरबताच्या होत्या, खोकल्याच्या औषधाच्या होत्या, आणि दोन-तीन खरोखरच वर्तमानपत्रात गुंडाळून आणायच्या जातीच्याही होत्या. पण प्रत्येकीत वर नितळ पाणी, तळाशी मातीचा थर, आणि गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गावाचं नाव, शेताचा उतार आणि तारीख.

ऑफिस घाटकोपर पश्चिमेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर प्लास्टिकच्या बादल्या तयार व्हायच्या आणि वर आम्ही शेतकऱ्यांची मतं गोळा करायचो. म्हणजे कुठली तरी मोठी संस्था आम्हाला प्रश्न द्यायची, आमची फिरती मंडळी गावोगाव जाऊन ते विचारून यायची, आणि आलेली उत्तरं आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरायचो. मी भरणाऱ्यांतली. मुलुंडच्या सोसायटीत जन्म गेलेला, शेतीशी संबंध गॅलरीतल्या चार कुंड्यांपुरता, त्यातल्याही दोन रिकाम्या. भाऊ फॉर्म तपासायचे. पन्नाशी उलटलेले, अंगाने काटकुळे, कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाऐवजी सहा इंची पट्टी. त्यांनी तपासल्याशिवाय एकही फॉर्म माझ्याकडे यायचा नाही, आणि त्यांच्या टेबलावरून फॉर्म लवकर उठायचा नाही.

त्यातही एका प्रश्नावर ते अडून बसत. 'आपल्या जमिनीची धूप होते का?' असा प्रश्न, पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. गठ्ठ्यातल्या बहुतेक फॉर्मांवर खूण 'नाही'च्या चौकोनात. भाऊ त्या 'नाही'भोवती पेन्सिलीने गोल काढायचे आणि फॉर्म परत करायचे. फिरती मंडळी वैतागायची. उन्हातान्हात दीडशे किलोमीटर जाऊन विचारून यायचं, शेतकरी स्वतःच्या तोंडाने नाही म्हणतोय, आणि इथे पंख्याखाली बसून हे म्हणणार की पुन्हा विचारा. एकदा एकाने तोंडावर सांगितलं, "भाऊ, वाट लागली यार आमची तुमच्यामुळे. त्याची जमीन, तो म्हणतो नाही, तर नाही ना."

भाऊ चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत, आणि त्यामुळे समोरचा जास्त चिडायचा. त्यांनी त्याला बसवलं, स्वतःच्या डब्यातली चटणी-भाकरी दिली आणि एक गोष्ट सांगितली. पूर्वी ते स्वतः फिरतीवर असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हाच प्रश्न त्यांनी विचारला होता. म्हातारा म्हणाला, आमच्यात तसलं काही नाही, चला, रान दाखवतो. आणि रान दाखवताना त्याने धोतर वर खोचून तीन वेळा ओघळ ओलांडले. तिसरा ओघळ इतका खोल की म्हाताऱ्याने भाऊंना हात देऊन पलीकडे घेतलं. पलीकडे गेल्यावर पुन्हा म्हणाला, "सांगितलं ना, काही नाही."

भाऊंचं म्हणणं असं की म्हातारा खोटं बोलत नव्हता. तो रोज ते ओघळ ओलांडत होता. रोज ओलांडायची गोष्ट माणसाला दिसत नाही. खोट काढायची तर प्रश्नात काढा.

म्हणून त्यांनी स्वतःचा एक प्रश्न तयार केला होता आणि तो छापील फॉर्मच्या समासात लिहून ते मंडळींना विचारायला लावायचे. 'शेतातले दगड वाढलेत का?' या प्रश्नाला गावंच्या गावं हो म्हणत. हो तर, दर उन्हाळ्यात वेचतो, बांधावर ढीग लावतो, पुढच्या साली पुन्हा तेवढेच वर. आमची जमीनच दगड पिकवते. असे फॉर्म आले की भाऊ खुशीत माझ्या टेबलापाशी यायचे.

"मॅडम," ते म्हणायचे (मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण ऑफिसात स्त्री म्हटली की ती मॅडमच), "दगड वर येत नसतो. दगड आपल्या जागेवर हाय बिचारा. त्याच्या अंगावरची माती गेली."

हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. पुढे पुढे ते तोंड उघडायच्या आतच मी म्हणून टाकायचे आणि ते समाधानाने मान हलवून परत जायचे.

बाटल्यांचंही असंच. पावसाळ्यात फिरतीवर जाणाऱ्याने शेताच्या खालच्या टोकाला वाहतं पाणी बाटलीत भरून आणायचं, अशी त्यांची आज्ञा होती. पगाराशी किंवा प्रोजेक्टशी तिचा काही संबंध नव्हता. तरी मंडळी आणायची, कारण आणली नाही तर भाऊ नुसते रिकाम्या पिशवीकडे बघायचे. बाटली एक रात्र स्वस्थ ठेवायची, सकाळी पट्टी लावून थर मोजायचा, मग बाटली खिडकीच्या उजेडात धरून सांगायचं की शेत कसं आहे. उतार किती, वर झाड आहे का, नांगर आडवा चालतो की उभा. मंडळी म्हणायची, हे ज्योतिष आहे. एकदा त्यांनी फजिती करायचं ठरवलं. गढूळ पाण्याची एक बाटली आणली, चिठ्ठीवर कुठल्याशा गावाचं नाव लिहिलं. भाऊंनी बाटली उजेडात धरली, हलवली, नाकाशी नेली.

"हे शेत न्हाई," ते म्हणाले. "ही आपल्या गच्चीवरची टाकी हाय. शेवटची कधी धुतली?"

त्या दिवसापासून आम्ही आठवडाभर घरून पाणी आणलं, आणि बाटल्यांबद्दल कुणी हसलं नाही. मोठ्या साहेबांनीही खिडकी मोकळी करा म्हणणं सोडून दिलं.

भाऊ राहायचे तिथून जवळच, टेकडीवर. रस्ता संपला की गल्ली, गल्ली संपली की चढ, आणि त्या चढावर एकावर एक बसलेली घरं. टेकडीवरचे लोक त्यांना ओळखायचे ते त्यांच्या चालण्यावरून. सगळे सरळ धडाधड उतरायचे, भाऊ मात्र डावीकडे दहा पावलं, मग उजवीकडे दहा पावलं असे नागमोडी. सरळ उतरलं की पायवाट पडते, पायवाटेने पाणी उतरतं आणि पाण्याला एकदा वाट सापडली की ते सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. घाईच्या वेळी लोक त्यांना ओलांडून जाताना काही ना काही बोलायचेच. भाऊ आपले दहा पावलं डावीकडे.

त्यांचे वडील बालाघाटाच्या बाजूचे. उताराच्या अगदी माथ्यावर दोन एकर बरड, त्यांच्या समाजाच्या वाट्याला तेव्हा जशी जमीन यायची तशी. ती पिकेना म्हणून वडील बायकोपोरांसह मुंबईत आले, टेकडीवर जागा धरली आणि पत्रे ठोकले. पुढे भाऊंनी त्याच जागेवर विटांची खोली बांधली, विटा स्वतः डोक्यावरून वर नेल्या. वडील शेवटपर्यंत सांगायचे, आपलं रान दगडाचं होतं रे, नशीबच तसं. भाऊंना या ऑफिसात लागल्यावर कळलं की रान दगडाचं नव्हतं. माती होती, ती खालच्या बांधाच्या शेजाऱ्याकडे गेली होती. त्याचं रान काळंभोर आणि त्याला विचारलं तर तो म्हणणार, धूप कसली, उलट जमीन सुधारली. पण हे कळेपर्यंत वडील राहिले नव्हते. हे सांगताना भाऊंचा आवाज जराही हलायचा नाही. फक्त शेवटी एक वाक्य असायचं. "माणसानं आयुष्यात जागा एकदाच सोडावी. बापानं ती सोडली. आता मी न्हाई सोडायचो."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

मग ऑफिसात कागद गेले आणि टॅब्लेट आले. आता समासच नव्हता, त्यामुळे भाऊंना प्रश्न लिहायला जागा नाही. नवीन फॉर्म नीट चालतो का बघायला साहेबांनी सांगितलं की प्रत्येकाने स्वतःच्या नावाने एक फॉर्म भरा, खरी उत्तरं द्या. मी भाऊंच्या शेजारी बसून त्यांचा भरून घेतला. ठिकाण घाटकोपर. जमिनीचा प्रकार उतार. तुमच्या जागेची माती वाहून जाते का? भाऊंनी क्षणभरही विचार केला नाही. "नाही," ते म्हणाले. मी 'नाही'वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला. दोघांनाही काही वाटलं नाही.

वैशाख पौर्णिमेला त्यांनी आम्हा चार-पाच जणांना घरी खिरीला बोलावलं. टेकडीवरच्या विहारात सकाळपासून गर्दी, पांढरे कपडे, भाऊ खीर वाटण्यात गुंतलेले. त्यांच्या दारापर्यंत मी धापा टाकत पोचले तर समोर पायऱ्या. मोजल्या, सहा. प्रत्येक पायरी वेगळी. वरची घडीव दगडाची, मधल्या कुणाच्या तरी बाथरूमच्या उरलेल्या फरशांच्या, सगळ्यात खालची ताज्या सिमेंटची. भाऊ मागून आले आणि अभिमानाने म्हणाले की त्यांचं लग्न झालं तेव्हा एकच पायरी होती. बाकीच्या पाच त्यांनी स्वतः बांधल्या, दर काही वर्षांनी एक.

"वरून वाढवल्या?" मी भाबडेपणाने विचारलं.

"वरून कशा वाढतील? खालून," ते म्हणाले, आणि खिरीचं पातेलं घेऊन आत गेले.

मी त्या सिमेंटच्या पायरीवरच उभी राहिले. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य डोक्यात सुरू झालं होतं, फक्त दगडाच्या जागी पायरी आली होती.

आत वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, भांडी घासत होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मोरीशेजारी भिंतीच्या तळाशी कोंबलेलं पोतं ओढलं. पोत्यामागे फट होती. वहिनींनी झाडूची मूठ त्या फटीत घातली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"मी दाखवलं की म्हणतात उंदीर हायेत," वहिनी म्हणाल्या. "दर साली सिमेंट भरतात, दर साली उंदीर. मुलगी मानखुर्दला हाय, जावई चांगले हायेत, पावसाळा आला की फोन करतात, या म्हणून. हे म्हणतात माझ्या घराला काय झालंय. मी इथंच बसते ताई, या मोरीपाशी, दिवसातले चार तास."

त्यांनी पोतं परत कोंबलं आणि हात धुतले. जाताना म्हणाल्या, तुमचं ऐकतील. माझं ऐकत नाहीत, मुलीचं ऐकत नाहीत, पण बाटल्यांचं ऐकतात.

मी त्यांनी केलेलं कौतुक ऐकून घेतलं आणि पुढचे दीड महिने काहीही केलं नाही. खोटं कशाला बोलू. दोन-तीनदा विषय काढला, भाऊंनी उंदरांवरचं औषध सांगितलं, मी विषय सोडून दिला. जून संपला. फिरती मंडळी परत बाटल्या आणू लागली. खिडकी भरत चालली आणि रोज सकाळी भाऊ एकेक बाटली उजेडात धरून गावोगावच्या शेतांचं भविष्य सांगू लागले. ते ऐकताना मला वहिनींचं शेवटचं वाक्य आठवायचं आणि स्वतःची लाज वाटायची.

शेवटी एका दुपारी, तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर, मी वहिनींना बाजारात गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजीच्या पिशवीत मेथीखाली दडवून एक बाटली आणून दिली. सहाव्या पायरीखालून वाहणारं पाणी. मी ती बाटली ऑफिस सुटताना खिडकीत ठेवली, गळ्यात कोरी चिठ्ठी बांधून. घरी जाताना वाटलं, परत जावं आणि उचलून आणावी. फसवणूकच होती ती.

सकाळी भाऊंनी नेहमीप्रमाणे ओळीने बाटल्या मोजायला घेतल्या. या बाटलीपाशी थांबले. पट्टी लावली, पुन्हा लावली. मग उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"ही कुणी आणली?"

मी म्हटलं, मी.

"उतार लई जोराचा हाय," ते म्हणाले. "वर झाड न्हाई, गवत न्हाई. वरची माती संपली कधीच, आता खालचा मुरूम निघायला लागलाय. बघा, खडे कसे बसलेत तळाला. ह्याला आता बांध घालून उपयोग न्हाई."

"मग त्याने काय करायचं?"

"काय करणार? उठायचं तिथनं. ह्या पावसात उठला तर बरं." त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "गाव लिहिलं न्हाई. कुठलं?"

रात्रभर मी वाक्य तयार करून ठेवलं होतं, सौम्य, आडवळणाचं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तुमच्या दारातलं आहे, भाऊ. सहाव्या पायरीखालचं. वहिनींनी भरून दिलं."

भाऊंनी बाटली खाली ठेवली नाही. पुन्हा उजेडात धरली, जणू आता तिच्यात वेगळं काही दिसेल. मग खुर्चीवर बसले, टेबलावरची पेन्सिल उचलली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, घाटकोपर. तारीख टाकली. बाटली ओळीत आपल्या जागी ठेवली. तीन वाजता ते घरी गेले. इतक्या वर्षांत ते ऑफिस सुटायच्या आधी कधी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तपासलेल्या फॉर्मांची यादी टेबलावर ठेवायचे आणि वळायचे. मी घरी जाऊन रडले, हेही सांगून टाकते. नवव्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि रविवारी टेम्पो कुठे मिळेल असं विचारलं. मी नंबर दिला. ते जायला वळले, पुन्हा थांबले.

"उंदीर नव्हते," ते म्हणाले.

मानखुर्दला लेकीच्या बिल्डिंगीत, सातव्या मजल्यावर, ते दोघं राहायला गेले. जाण्यापूर्वी भाऊंनी टेकडीवर दारोदार हिंडून एकच प्रश्न विचारला, तुमच्या दाराला पायऱ्या किती आणि लग्नात किती होत्या. लोक आधी हसले. मग दाराबाहेर येऊन मोजायला लागले. दोन घरं उठली. बाकीच्यांचं म्हणणं, उठून जायचं कुठे.

त्या पावसाळ्यात काहीही झालं नाही. खोली होती तशी उभी. लोकांनी भाऊंना ऐकवायचं ते ऐकवलं, की भाड्याने तरी द्या, फुकट बंद ठेवलीय. भाऊ म्हणाले, जिथं मी राहत नाही तिथं दुसऱ्याला कसा ठेवू. मला मात्र त्या दिवसांत फार वाईट वाटायचं. मानखुर्दला भेटायला गेले तर भाऊ लिफ्टमधून बाहेर पडायचे आणि सपाट पॅसेजमध्ये दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे चालायचे. म्हणाले, इथं दाराला एकही पायरी नाही मॅडम, इथं काही कमी व्हायला लागलं तर कळायचं कसं. मी हसले, पण परतताना वाटत राहिलं की माणसाला मुळापासून उपटलं आपण, आणि तेही एका बाटलीच्या जोरावर.

पुढच्या वर्षी ऑगस्टात, दुपारच्या वेळी, खोलीची मागची भिंत आणि मोरी खाली गेली. वरचे पत्रे लटकत राहिले. आत कुणी नव्हतं. खालच्या घरावर माती आली, पण ते त्या उठलेल्या दोन घरांपैकी एक होतं, तेही रिकामंच. भाऊंना शेजाऱ्याने फोन केला आणि ते जाऊन बघून आले. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. मला वाटलं, आता रडतील, किंवा आभार मानतील, आणि दोन्ही गोष्टी मला झेपल्या नसत्या.

"मॅडम," ते म्हणाले, "तो टॅबचा फॉर्म हाय का हो अजून? माझ्या नावाचा? त्यातलं एक उत्तर बदलायचं हाय."

मी तेव्हा ऑफिसातच होते. फोन कानाला लावूनच त्यांचा फॉर्म शोधला. ठिकाण घाटकोपर, उतार, माती वाहून जाते का, नाही. बदलायला गेले तर संगणक ऐकेना. एकदा पाठवलेला फॉर्म उघडता येतो, बदलता येत नाही. तसं मी त्यांना सांगितलं, आणि म्हटलं, साहेबांना विचारून सगळाच काढून टाकते.

पलीकडे मागून वहिनींचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी जेवायला बोलावत होत्या.

"नको," भाऊ म्हणाले. "राहू द्या तसंच. त्या दिवशी मला तेवढंच दिसत होतं."